८ महिने, १ पावसाळा आणि साबणाच्या वड्या

फेब्रुवारीत मुलुंडच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चढाईच्या सरावासाठी ८ बाय ८ फुटांची भिंत उभी केली. १८ मिमीचं प्लायवूड, मागे बोल्ट आवळायला टी-नट, ३५ अंशांचा झुकाव. त्यावर एका छोट्या उत्पादकाकडून मागवलेले ४२ होल्ड, म्हणजे हातापायांसाठीच्या कृत्रिम पकडी, सगळे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे.

निम्मे होल्ड हुबेहूब सह्याद्रीचा कातळ, बेसाल्टमधल्या बारीक छिद्रांसकट. बाकीचे गोलसर, झिजलेल्या साबणाच्या वड्यांसारखे. पैसे मोजले ते अर्थातच कातळावर भाळून. दोन आठवड्यांत बोटांची सालं निघाली. डोंगरात एखादी पकड दिवसातून चारदा हाताशी येते, घरच्या भिंतीवर तीच साठ वेळा. १९६४ साली लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन यांनी कॉरिडॉरच्या भिंतीत खरे दगड बसवले होते, तिथे सराव करणाऱ्यांच्या कातडीचं काय झालं असेल कोण जाणे!

साबणाच्या वड्यांनी मात्र मला खोटं पाडलं. त्यातला एक पिंच, म्हणजे अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरायचा होल्ड, तर मी तीन महिने 'बिघडलेला पीस' समजत होतो. अंगठ्याची खोबण तिरकी, समोरून धरली की हात सुटतोच. एकदा चुकून उजवा खुबा भिंतीला टेकला आणि तोच पिंच चक्क 'जग'सारखा, म्हणजे सगळी बोटं आत अडकवता येणाऱ्या सोप्या पकडीसारखा, हातात बसला. म्हणजे होल्डचा मूळ नमुना फोममध्ये कोरणाऱ्याने नुसता आकार कोरला नव्हता, माझं अंग कुठे वळावं तेही ठरवून ठेवलं होतं. पुढे सिलिकॉनचा साचा, त्यात रेझिन, हे सगळं नंतरचं. खरं काम त्या फोमवरच झालेलं. तो होल्ड ९० अंशांत फिरवला की खोबण खाली जाते आणि उरतो एक दुष्ट स्लोपर, धरायला कड नसलेला, नुसत्या तळव्याच्या घर्षणावर पेलायचा. एका पीसच्या पैशात दोन.

जुलैत स्लोपर निरुपयोगी. हवेतल्या दमटपणाने हाताला लावायच्या चॉकच्या भुकटीची पेस्ट होते, टेबलफॅन लावूनही फारसा फरक नाही. होल्डना काही झालं नाही, टी-नट मात्र गंजले. खरखरीत पृष्ठभागात चॉक आणि बुटाचं रबर भरतं. साबणाचं कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि एक रविवार.

आता तक्रार. बोल्टच्या भोकात पोलादी वॉशर बसवलेलाच नाही. एम१० बोल्टचं डोकं थेट प्लास्टिकवर दाबतं. मोठे होल्ड गरगर फिरतात, कारण फिरू नये म्हणून मारायच्या स्क्रूसाठी वेगळं भोक नाही. फोन केला तर उत्तर आलं, "अजून आवळा की!" आवळले. दोन तडकले. बदलून मिळालेले नाहीत.

कातळवाले आता तळाच्या ओळीत, पायांसाठी. बुटाच्या रबराला ती खरखर मानवते. मुलगी म्हणते, बाबा, एवढ्या महागाच्या पायऱ्या कोणाकडे नसतील. पुढच्या वेळी साबणाच्या वड्याच मागवणार, दुसरीकडून, आणि आधी भोकाचा फोटो मागून.