८ पिनचा डीकोडर घेतला, इंजिन जुनं असेल तर आधी हे वाचा

डीकोडर म्हणजे मॉडेल रेल्वेच्या इंजिनात बसवायचं छोटं सर्किट, हातातल्या कंट्रोलरचे (थ्रॉटलचे) रुळातून येणारे हुकूम वाचून ते मोटर चालवतं. पाकिटावर लिहिलंय की बसवा आणि चालवा. खरंय, पण ज्या इंजिनात ८ पिनचं सॉकेट आधीपासून आहे त्यालाच. माझं एचओ (१:८७ मापाचं) इंजिन जुनं, साध्या १२ व्होल्ट डीसीवर चालणारं, त्यात सॉकेट कुठून येणार, मग प्लग कापून वायरी थेट सोल्डर केल्या आणि त्यात दोन रविवार गेले.

आधी चांगलं सांगतो. वायरींचे रंग स्टँडर्डप्रमाणेच आहेत, लाल-काळी रुळाकडून, नारिंगी-करडी मोटरला, त्यामुळे सोबतचा कागद न बघताही काम होतं (बघून उपयोगही नाही, भिंग घेऊन बसावं लागेल इतकी बारीक अक्षरं). आणि स्लो स्पीडला तर एक नंबर, हेच इंजिन आधी झटका देऊन सुटायचं ते आता मुंगीसारखं सरकतं. सीव्ही (डीकोडरमधल्या सेटिंग्ज) ३ आणि ४ जरा वाढवले तर सुटतंही सावकाश, थांबतंही सावकाश, बघत बसावंसं वाटतं.

आता त्रास. माझ्या इंजिनात मोटरचा एक ब्रश (तिला करंट पोचवणारा कार्बनचा तुकडा) चॅसीला टेकलेला, म्हणजे करंट चॅसीतूनच मोटरला जायचा. डीकोडर लावायचा तर मोटर चॅसीपासून पूर्ण तोडावी लागते, नाहीतर रुळावरचा करंट मोटरच्या बाजूने डीकोडरमध्ये घुसतो आणि खेळ खल्लास. हे मला माहीत होतं हो, ब्रशखाली प्लॅस्टिकची चकती घातली, मल्टिमीटर लावला, बीप नाही, म्हटलं झालं. मग बॉडीचा स्क्रू आवळला आणि त्याच्याखाली नेमकी करडी वायर चिमटली. रुळावर ठेवल्या ठेवल्या जळका वास! पहिला डीकोडर गेला, चूक शंभर टक्के माझीच, दुकानात कुठल्या तोंडाने जाणार. दुसऱ्या वेळी बॉडी लावून आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंग्ज भरायच्या वेगळ्या रुळावर) ठेवलं, तिथे करंट कमी असतो त्यामुळे शॉर्ट असला तरी सहसा जळत नाही, अॅड्रेस (इंजिनाला हाक मारायचा नंबर) वाचला गेला मगच मेन लाइनवर.

जागेचीही बोंब आहे. बॉयलरमधलं शिशाचं वजन कानशीने घासून जागा केली (मास्क लावा, नंतर हात धुवा, शिसं आहे ते), पण वजन घटलं तसं ओढणंही घटलं, सहा डबे ओढायचं ते आता चौथ्यालाच चढावर चाकं घसरवतं. डीकोडर थोडा चपटा असता तर ही वेळ आली नसती, एक स्टार त्याचा कापला.

अजून एक, नव्या डीकोडरचा अॅड्रेस ३ असतो. माझं दुसरं इंजिनही ३ वरच होतं, थ्रॉटल फिरवला आणि दोन्ही एकदम सुटली, समोरासमोर! वाचली थोडक्यात.

गाडी रूळ बदलते त्या सांध्यांवर इंजिन अडतं त्याचा दोष मात्र डीकोडरला देऊ नका. माझ्या सांध्यांचे फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) प्लॅस्टिकचे आहेत आणि इंजिन आखूड, चाकांना तिथे करंटच मिळत नाही. त्याला स्टे-अलाइव्ह कपॅसिटर (करंट तुटला तरी क्षणभर इंजिन चालू ठेवणारा) जोडायचाय, पण तो ठेवायचा कुठे, आणखी शिसं घासलं तर तीन डबेही ओढणार नाही.