हिवाळी भाज्यांच्या बियांचा बॉक्स: घोडबंदर रोडवरच्या गॅलरीत पूर्ण हंगाम वापरून

गणपती झाल्यावर ऑनलाइन मागवला होता, आता होळी होऊन गेली. म्हणजे हंगाम पूर्ण झाला. सगळ्यांना सगळं वाचायला वेळ नसतो, म्हणून निकाल आधीच सांगते. हा बॉक्स पुन्हा घेणार नाही. त्यातलं मुळा, पालक, टोमॅटो आणि लाल गाजराचं बियाणं चांगलं निघालं, पण ते सुटंही मिळतं. बाकीची निम्मी पाकिटं ठाण्याच्या हवेसाठी नव्हतीच. कंपनीचं नाव देत नाही, कारण सोसायटीत आणखी दोघींनी वेगळ्या कंपन्यांचे बॉक्स घेतले होते आणि त्यांतही थोड्याफार फरकाने हेच होतं.

जागा कुठली हे महत्त्वाचं. कासारवडवलीच्या अलीकडे, सातवा मजला, दक्षिणेकडे तोंड असलेली गॅलरी. दक्षिण हा हिवाळ्यात मोठा फायदा आहे. ठाणं साधारण १९ अंश अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच चढतो, आणि तोही दक्षिणेला कलून. मे महिन्यात माझं ऊन कठड्यापाशीच अडतं, डिसेंबरात तेच सोफ्यापर्यंत येतं. मात्र समोर टॉवर असेल तर त्याची सावलीही याच दिवसांत लांबते. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये ऊन येतंय म्हणून कुंड्या मांडल्या, तरी डिसेंबरात ते येईलच असं नाही. पालेभाज्या तीन-चार तासांच्या उन्हावर भागवतात, टोमॅटोला सहाएक तास हवेतच. उत्तरेच्या गॅलरीवाल्यांनी मेथी-पालकाच्या पुढे जाऊ नये असं माझं मत.

आता बॉक्सबरोबर आलेली पुस्तिका. कागद सुंदर, चित्रं सुंदर, आणि पहिल्याच पानावर ‘पहिल्या फ्रॉस्टच्या आठ आठवडे आधी पेरणी करा’. ठाण्यात फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, फक्त फ्रीजरमध्ये असतो. हा सल्ला अशा देशांतला, जिथे ऑगस्टमध्ये पेरून थंडी आणि अंधार वाढण्याआधी झाड मोठं करून घ्यावं लागतं. आपलं गणित उलटं. ऑगस्टमध्ये इथे पाऊस कोसळत असतो, तो साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो, आणि लगेच ऑक्टोबर हीट सुरू होते. आपल्याला थंडीच्या आधी घाई करायची नसते, उकाडा ओसरायची वाट बघायची असते. म्हणून माझ्या मते ठाणे-नवी मुंबईचा क्रम असा: टोमॅटो-मिरचीची रोपं सप्टेंबरअखेरीस छपराखाली ट्रेमध्ये, मुळा आणि पालक दसऱ्यानंतर, मेथी कधीही, आणि कोथिंबीर, गाजर, हरभरा, वाल दिवाळीनंतर.

पाकिटांबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी बघावी. १९६६च्या बियाणे कायद्याप्रमाणे लेबलवर जात, लॉट नंबर, तपासणीची तारीख, उगवणशक्तीची टक्केवारी आणि मुदत लागते; मुदत सहसा तपासणीपासून नऊ महिने असते. माझ्या बॉक्समधल्या काही पाकिटांवर हे नीट छापलेलं होतं, काही मात्र साध्या झिपच्या पिशव्या, वर फक्त ‘फ्लॉवर’ आणि ‘लेट्युस’ अशी चिकटवलेली नावं. टोमॅटोच्या बियांची उगवण किमान ७० टक्के हवी, धण्यांची ६५, गाजराची ६०. म्हणजे शंभरातल्या चाळीस गाजराच्या बिया वाया गेल्या तरी बियाणं नियमात बसतं. ज्या पाकिटावर काहीच नाही, त्यातल्या दहा बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवायच्या आणि किती मोड येतात ते बघायचं. कुंडी अडवून महिनाभर वाट बघण्यापेक्षा हे बरं. बिया गुलाबी किंवा निळसर दिसल्या तर त्यांना बुरशीनाशक लावलेलं असतं. हात धुवा, आणि उरल्या तर स्वयंपाकात अजिबात नको.

मुळ्याला मी पैकीच्या पैकी देईन. पाकिटावर ‘पुसा चेतकी’ लिहिलं होतं. ही जात उकाडा सोसते आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होते, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हातही तिने तक्रार केली नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवण. रोपं दाट झाली की विरळणी करायची आणि काढलेला कोवळा पाला पीठ पेरून भाजीला. दोन-तीन मुळे मुद्दाम कुंडीत राहू दिले. त्यांना फुलं आली आणि मग डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागल्या. ज्यांनी डिंगऱ्यांची भाजी खाल्ली नाही त्यांनी केवळ त्यासाठी मुळा लावावा. बाजारात त्या सहज दिसत नाहीत, आणि पुस्तिकेत ‘फुलोरा आल्यास झाड उपटून टाका’ असं होतं!

पालकही उत्तम. आपला देशी पालक हा बीटाचा जवळचा नातेवाईक. त्याचं एक ‘बी’ म्हणजे खरं तर दोन-तीन बियांचा गुच्छ असतो. म्हणून एका खड्ड्यात एक टाकलं तरी जुडवी रोपं येतात आणि त्यातलं दणकट एकच ठेवावं लागतं. रात्रभर भिजवून पेरलं तर उगवण एकसारखी होते. मधला गाभा सोडून बाहेरची पानं खुडत गेलं की तेच झाड फेब्रुवारीपर्यंत पुरतं. नागअळी पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा काढते. ती पानं दिसताक्षणी काढून टाकणं, एवढंच मी केलं.

मेथीसाठी पाकीट घ्यायची गरज नाही. वाण्याकडची मेथी दोन-तीन दिवसांत उगवते. मुंबईत समुद्राकाठच्या रेतीत लावलेली ती बारीक मेथी मिळते ना, बोटभर जुड्यांची, मुळांसकट? तीही हीच, फक्त दोन पानांवर उपटलेली. पसरट ट्रेमध्ये रेती आणि थोडं कोकोपीट घालून मी ती दर पंधरवड्याला टाकत गेले. आठ-दहा दिवसांत कापणी, आणि कुठली कीड यायला वेळच नाही. गॅलरीत जागेच्या मानाने सगळ्यात जास्त परतावा हिचाच.

कोथिंबिरीचं मात्र तंत्र आहे. धणा म्हणजे दोन बियांचं एक फळ, तो फोडावा लागतो. लाटण्याने हलका दाब दिला की दोन डाळिंब्या सुट्या होतात. जोरात रगडलं तर आतला अंकुरच मरतो. ऑक्टोबरमध्ये टाकलेले धणे विरळ आले, नोव्हेंबरच्या मध्यानंतर टाकलेले दाट. धण्याला उगवायला गारवा लागतो आणि आठ ते पंधरा दिवस लागतात, तेव्हा चौथ्या दिवशी माती उकरून बघू नये.

टोमॅटोने मला चकित केलं. पुस्तिकेत तो ‘उन्हाळी, बोनस’ म्हणून होता. पण रात्री १५ ते २० अंशांच्या दरम्यान असल्या की टोमॅटोची फळधारणा उत्तम होते, आणि ठाण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या बऱ्याचशा रात्री नेमक्या तशाच. इथे टोमॅटो हीच हिवाळ्याची फळभाजी. जात ‘पुसा रुबी’, फळं मध्यम, आंबटसर, सारासाठी एकदम योग्य. सातव्या मजल्यावर वारा-मधमाशीवर विसंबू नका. सकाळी फुलांच्या झुबक्याला बोटाने टिचकी मारली की परागकण झडतात आणि काम होतं. एक दिवस कोरडं, एक दिवस पूर असं पाणी दिलं तर फळाच्या बुडाला काळा खोलगट डाग पडतो. तो रोग नाही, झाडाला कॅल्शियम वेळेवर पोचत नाही म्हणून होतं. पांढरी माशी दिसली की पिवळे चिकट सापळे लावा, कारण तिच्यामार्फत पानं आकसण्याचा विषाणू पसरतो आणि मग ते झाड काढूनच टाकावं लागतं.

गाजर: ‘पुसा केसर’, लाल, देशी. बारा इंच खोल बॅगेत सरळ आलं, उथळ कुंडीत दोन पायांचं. जागेवरच पेरायचं, रोप हलवायचं नाही. बॉक्समधलं दुसरं नारिंगी गाजर फिकट आणि बारीक राहिलं. त्या प्रकाराला रंग धरायला बराच गारवा लागतो.

आता नापास मंडळी. फ्लॉवरला पानं अशी आली की शेजारपाजारचे विचारू लागले, गड्डा मात्र नाही. फ्लॉवरच्या जाती तापमानाप्रमाणे ठरतात: लवकरच्या जाती २० ते २७ अंशांत गड्डा धरतात, उशिराच्या जातींना १० ते १६ अंश लागतात. पाकिटावर जातच लिहिलेली नाही, तर घेणाऱ्याने ओळखायचं कसं? माझा आक्षेप हाच आहे. ब्रोकोलीला बटणाएवढा गड्डा आला. मटाराला जानेवारीत थोड्या शेंगा आणि मग पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी. लेट्युस तिशीच्या वरच्या तापमानात उगवतच नाही, शिवाय त्याला उजेडही लागतो. बिया ओल्या कागदावर दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवून मग मातीवर नुसत्या पसरल्या तेव्हा आल्या. पानं बरी होती, फेब्रुवारीत कडू झाली. आमच्या घरात त्याचं कौतुकही फार नाही.

खरी मजा बॉक्सबाहेरची. हरभरा, साधा उसळीचा, पसरट क्रेटमध्ये दिवाळीनंतर टाकला. वीतभर वाढला की शेंडे खुडायचे, म्हणजे फांद्या फुटतात आणि पुन्हा शेंडे मिळतात. खुडताना बोटांना जी आंबट चव लागते ती पानांवरच्या आम्लाची. हरभऱ्याचा पाला, लसणीची फोडणी आणि ज्वारीची भाकरी, याच्यापुढे लेट्युस काय सांगणार?

आणि वाल. सासूबाई पेणच्या. बॉक्स उघडला तेव्हा एकेक पाकीट वाचून म्हणाल्या, “अगं, एवढ्यात वाल कुठेच नाही? मग हिवाळ्याचं काय लावणार तू?” रायगडात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि दवावर वाल येतो, वेगळं पाणी लागत नाही. त्याच शेंगा भांबुर्डा या रानझुडपाच्या पाल्यात, मडक्यात घालून आगीवर भाजल्या की पोपटी होते. गॅलरीत स्लॅबखाली दव पडत नाही, त्यामुळे पाणी घालावंच लागतं, पण बाकी लाड काही नाहीत. त्यांच्या डब्यातले कडवे वाल भिजवून लावले. जानेवारीअखेर शेंगा. चार कुंड्यांत पोपटी होत नाही हे उघड आहे, पण एका वेळची भाजी झाली आणि पुढच्या वर्षाचं बी निघालं. शेंगांवर मावा येतो. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, दोन थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी फवारायचं.

किडीपेक्षा कबुतरांचा त्रास जास्त. कोवळी रोपं उपटून टाकतात, खातही नाहीत. जाळी नसेल तर बियाण्यावर पैसे घालू नका. दुसरा त्रास धुळीचा. मेट्रोचं काम आणि रस्त्यावरची वाहतूक यांमुळे हिवाळ्यात पानांवर राखाडी थर बसतो. सकाळी पाण्याचा फवारा, आणि कापल्यावर दोन-तीन पाण्यांतून धुणं, याला पर्याय नाही. घरची भाजी म्हणून तशीच तोंडात टाकायचं काही घोडबंदरला जमायचं नाही.

मातीबद्दल थोडक्यात: रस्त्यावरच्या नर्सरीतली लाल माती एक भाग, कोकोपीट एक भाग, गांडूळखत किंवा जुनं शेणखत एक भाग, मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोनदा धुऊन पाणी फेकायचं, त्यात क्षार असतात. बारा बाय बाराच्या बॅगेत वीसएक लिटर बसतं आणि नुसती लाल माती भरली तर भिजल्यावर वजन तीस किलोच्या घरात जातं, म्हणून अशा बॅगा कठड्याजवळ न ठेवता भिंतीलगत ठेवाव्यात. खाली ताटल्या हव्यातच. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पांढऱ्या चादरी आणि आपलं लाल पाणी यांची गाठ पडली की बागकामाची चर्चा थेट सोसायटीच्या मीटिंगमध्ये होते.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या वर्षी बचत होत नाही. बिया स्वस्त असतात. खर्च बॅगा, माती आणि जाळीचा. जांभळी नाक्यावर संध्याकाळी मेथीची जुडी ज्या भावात मिळते त्याच्याशी स्पर्धा करायला जाऊ नये. कोथिंबीर, बारीक मेथी, डिंगऱ्या आणि हरभऱ्याचा पाला, म्हणजे जे हवं तेव्हा ताजं मिळत नाही किंवा मिळतच नाही, तेवढ्यासाठी हे करावं.

पुढच्या वर्षी मुळा, पालक, टोमॅटो आणि लाल गाजराची सुटी पाकिटं कृषी सेवा केंद्रातून, तारीख बघून घेणार. उरलेल्या बिया घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसकट फ्रीजमध्ये आहेत, कारण आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत बाहेर ठेवलेलं बियाणं लवकर मरतं. टोमॅटो आणि मुळा असे तीन-चार वर्षं टिकतात. फ्लॉवर आणि मटाराची पाकिटं नाशिकच्या पुतणीला देऊन टाकली. तिच्याकडे निफाडच्या बाजूला थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो, तिथे त्यांचं काही होईल.