गूगल आर्ट्स अँड कल्चर: रेषा आणि अवकाश शिकायला उत्तम, रंगाबाबत जरा जपून

चित्रकलेच्या अभ्यासकाला फुकटात मिळणाऱ्या साधनांत गूगल आर्ट्स अँड कल्चर या, संग्रहालयांतली चित्रं झूम करून दाखवणाऱ्या ॲप आणि संकेतस्थळाच्या तोडीचं दुसरं सापडणं कठीण आहे. 2011 मध्ये 17 संग्रहालयांना सोबत घेऊन 'आर्ट प्रोजेक्ट' या नावाने हे सुरू झालं. आज फोनवर आणि संगणकावर, दोन्हीकडे चालतं. पण सगळ्या बाबतींत ते सारखंच उपयोगी नाही. रेषा आणि अवकाश (चित्रात जाणवणारं जवळ-लांबचं अंतर) यांचा अभ्यास इथे प्रत्यक्ष चित्रासमोर उभं राहून होतो त्याहूनही बारकाईने होतो. प्रकाशाचा निम्माच होतो. रंगाच्या बाबतीत मात्र त्यावर डोळे झाकून विसंबू नये.

रेषेसाठी सुरुवात होल्बाइनच्या 'दि अँबॅसेडर्स' (1533) पासून करावी. दोन माणसांच्या मधल्या फळीवर ल्यूट हे तंतुवाद्य ठेवलंय. ते जवळजवळ टोकाकडून दिसतं, त्यामुळे त्याची लांबी चेपून गेलेली आहे. झूम करत तारांपर्यंत जा, एक तार तुटून वर वळलेली सापडेल. मूळ चित्र दोन मीटरहून थोडं मोठं आहे, त्यामुळे गर्दीत ही तार सहज नजरेतून सुटते. मग खाली जमिनीवरच्या तिरक्या, करड्या पट्ट्याकडे या. ती ताणून काढलेली कवटी आहे. ती सरळ दिसायला आधी फोनचं ऑटो-रोटेट बंद करा, नाहीतर ऐन वेळी चित्र फिरतं. फोन आडवा धरा, पट्टा स्क्रीनच्या रुंदीत बसेल एवढं झूम करा, एक डोळा मिटा आणि फोनची उजवी कड उघड्या डोळ्याजवळ आणा, डोळा किंचित वरच्या बाजूला ठेवून. बहुतेकांचा फोन पुरेसा कलत नाही. काच जवळजवळ नजरेच्या रेषेत आली पाहिजे. ती आली की पट्टा आक्रसतो आणि कवटी समोर येते.

अवकाशासाठी ब्रॉयगलचं 'द हार्वेस्टर्स' (1565). पुढे पिकाचा दाट पिवळा, मागे हिरवट, आणखी मागे करडा होत जाणारा समुद्र. माणसं लहान होत जातात तसा रंगही पातळ होत जातो. झूम केलं की मधल्या पट्ट्यातल्या तळ्यात पोहणारी माणसं दिसतात, पार मागे जहाजं दिसतात. मात्र दर झूमनंतर एकदा पूर्ण चित्रावर परत या. नुसते तुकडे पाहत राहिलं तर पुढच्या झाडाने डोळ्याला दिलेला आधार, ज्यामुळे मागचं सगळं खोल वाटतं, तो लक्षातच येत नाही.

प्रकाशाचं म्हणाल तर व्हर्मिअरची 'मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी' पाहाच. मोत्याला बाह्यरेषा नाही, अडकवायची कडीसुद्धा नाही. वर एक जाड पांढरा ठिपका आणि खाली कॉलरचं मऊ प्रतिबिंब, एवढ्यावर मोती उभा आहे. नाक आणि पलीकडचा गाल यांच्यातही रेघ नाही, दोन्ही एकाच उजेडात मिसळलेत. हे सगळं स्क्रीनवर स्वच्छ कळतं. व्हॅन गॉगच्या 'द स्टारी नाइट'मध्ये मात्र अडतं. फटकाऱ्यांच्या मध्ये उघडा राहिलेला कॅनव्हास दिसतो, पण जाड रंगाच्या कडांवरची चमक फोटो काढतानाच्या दिव्यांनी कायमची ठरवून टाकलेली असते. प्रत्यक्षात आपण एक पाऊल सरकलो की ती बदलते.

आता रंग. पाहण्याआधी नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय) बंद करा, डिस्प्लेचा 'व्हिव्हिड' मोड काढून 'नॅचरल' करा. एवढं न केल्यास नाइट लाइटमुळे निळे मातकट होतात आणि 'व्हिव्हिड'मुळे लाल भडकतात, मग दोष उगाच चित्रकाराच्या माथी येतो. एक कसोटी फार कामाची आहे: फोन कृष्णधवल मोडवर टाकून मोनेचं 'इंप्रेशन, सूर्योदय' (1872) पाहा. मूळ चित्रात सूर्य आणि भोवतालचं धुकं यांची उजळता जवळजवळ सारखी आहे, म्हणून चांगल्या फोटोत सूर्य विरघळून जातो. तो ठळक उरला, तर फोटोचे रंग कुणीतरी वाढवलेत असं समजा. सोन्याला मात्र इलाज नाही. क्लिम्टच्या 'द किस'मधला सोन्याचा वर्ख स्क्रीनवर पिवळसर तपकिरी होतो, कारण वर्खाची झळाळी पाहणाऱ्याच्या हालचालीवर अवलंबून असते.

सर्वांत मोठा तोटा आकाराचा. व्हर्मिअरची मुलगी 44.5 × 39 सेंटिमीटरची, रेम्ब्रांचं 'द नाइट वॉच' सुमारे 3.8 × 4.5 मीटरचं, आणि फोनवर दोन्ही तळहाताएवढी. ('नाइट वॉच' खोलात पाहायचं असेल तर ते जिथे आहे त्या ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर 717 गिगापिक्सेलची (717 अब्ज ठिपक्यांची) प्रतिमा आहे, ती पाहावी.) ॲपमधलं 'आर्ट प्रोजेक्टर' कॅमेऱ्यातून चित्र खऱ्या मापात समोर उभं करतं, पण त्यासाठी ऑगमेंटेड रिॲलिटी (कॅमेऱ्यातल्या दृश्यात आभासी वस्तू दाखवण्याची सोय) चालणारा फोन, मोकळी जमीन आणि भरपूर उजेड लागतो. गुळगुळीत, एकरंगी फरशीवर फोनला जमीन ओळखता येत नाही आणि चित्र तरंगत राहतं. तिथे एखादी नक्षीची सतरंजी अंथरावी. तेही जमत नसेल तर चित्राखालच्या तपशिलातलं माप घेऊन भिंतीवर खडूने चौकट आखा आणि मगच झूम करायला बसा.