रायफलचा फास्ट ट्रिगर ऑनलाइन घ्यायला गेलो आणि फसलो, वाचून घ्या

मी डॅलसजवळ राहतो, ग्रीन कार्ड आहे, चार वर्षं झाली महिन्यातून एकदा तरी शूटिंग रेंजवर जातो. एआर-१५ रायफल रीतसर दुकानातून, फॉर्म भरून, बॅकग्राउंड चेक होऊन घेतलेली. (एच-१बी वाल्यांनो, तुम्ही आधी नियम वाचा, शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक जवळ ठेवणं हाच फेडरल गुन्हा आहे.)

तर मे २०२५ मध्ये बातमी आली की सरकारने फोर्स्ड रिसेट ट्रिगर बनवणाऱ्या रेअर ब्रीड कंपनीशी कोर्टाबाहेर तडजोड केली. साध्या ट्रिगरला प्रत्येक गोळीनंतर बोट ढिलं करावं लागतं, या फोर्स्ड रिसेटमध्ये बोल्ट (गोळीमागे चेंबर बंद करणारा, पुढे-मागे सरकणारा भाग) मागे येताना यंत्रणाच ट्रिगरला पुढे ढकलते, त्यामुळे बोटाचा दाब तसाच ठेवला की धडाधड गोळ्या सुटतात. त्याआधी जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंप स्टॉकवरची (बंदुकीच्या धक्क्याचाच वापर करून भरभर गोळ्या सोडू देणारा दस्ता) बंदी ६ विरुद्ध ३ ने रद्द केली होती. रेंजवर सगळ्यांच्या तोंडी हेच, आणि मी धरून चाललो की आता सगळंच मोकळं झालं. माझी चूक इथेच झाली.

फोनवर जाहिरात दिसली. दुकानात जो ट्रिगर साडेचारशेच्या आसपास सांगत होते तो इथे २६० डॉलरला. फोटो अगदी घरगुती, लाकडी टेबलावर ट्रिगर ठेवलेला आणि बाजूला कॉफीच्या कपाचा गोल डाग, मला वाटलं खरा माणूस आहे, स्वतः फोटो काढून टाकलाय. चॅटवर तो म्हणाला कार्ड मशीन बंद आहे, झेल (Zelle, बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) करा, आणि मेमोमध्ये बंदुकीचं काही लिहू नका, नुसतं फर्निचर लिहा. पैसे ज्या नावावर गेले ते दुकानाचं नाव नव्हतंच, कुणा बाईचं होतं. हे सगळं दिसत होतं हो, तरी मी बटण दाबलं.

ट्रॅकिंग नंबर आला, पाच दिवसांनी डिलिव्हर्ड असं दाखवलं, दारात काहीच नाही. पोस्टात गेलो तर कळलं पार्सल माझ्याच झिप कोडमध्ये पण दुसऱ्याच पत्त्यावर गेलंय. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत. क्रेडिट कार्ड असतं तर निदान भांडता आलं असतं.

खरा धक्का पुढे आहे. आठवड्याने फोन आला, मी फेडरल अधिकारी बोलतोय, तुम्ही बेकायदेशीर मशीनगनचा पार्ट मागवलाय, ३००० डॉलर दंड आत्ता भरा नाहीतर तुमचं ग्रीन कार्ड जाईल. माझं नाव, पत्ता, ऑर्डर नंबर सगळं त्याच्याकडे. हात थरथरत होते, बँकेचं ॲप उघडलं होतं. बायकोने फोन हातातून घेतला आणि कट केला, म्हणाली सरकार कधी फोनवर झेलने दंड घेतं का?

त्या रात्री मी नीट वाचायला बसलो आणि पोटात गोळा आला, कारण तो चोर खोटा असला तरी भीती खोटी नव्हती. तडजोड त्या एका कंपनीशी झालीय, ऑनलाइन मिळणाऱ्या प्रत्येक नकलेशी नाही. ट्रिगर एकदा दाबल्यावर एकाहून जास्त गोळ्या आपोआप सुटत असतील तर १९३४ च्या कायद्याने ती मशीनगन, आणि बंदुकीला मशीनगन करण्यासाठीच बनवलेला नुसता सुटा पार्टसुद्धा कायद्याने मशीनगनच. १० वर्षांपर्यंत तुरुंग, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, आणि सिटिझन नसलेल्या माणसाला अशा गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढतात. कॅलिफोर्नियाचा कायदा तर अजून कडक आहे, तिथल्या आपल्या लोकांनी या वाटेलाच जाऊ नये. म्हणजे ते पार्सल खरंच आलं असतं आणि आत भलतीच वस्तू निघाली असती तर? दोन मुलं आहेत माझी.

रेंजवर एक काका आहेत, मरीनमधून रिटायर झालेले, त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, स्वस्तातल्या नकलांमध्ये धातू मऊ असतो, कडा झिजतात, आणि बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आत गोळी फुटली तर ती तुझ्या गालापासून चार बोटांवर फुटते. वर ३० गोळ्यांचं मॅगझिन काही सेकंदांत रिकामं, गोळीला अर्धा डॉलर धरा, आणि नेम? पहिल्या दोन सोडून कुठे लागल्या कुणाला माहीत. आमच्या रेंजवर तर रॅपिड फायरला परवानगीच नाही, हे मला चार वर्षांपासून माहीत होतं! माझं स्पष्ट मत, खरा कंपनीचा असला तरी हे पैसे टाकण्यासारखं काम नाही, त्यापेक्षा गोळ्या घ्या, क्लास लावा.

एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींच्या साइटवर तक्रार केलीय, सगळे स्क्रीनशॉट जोडलेत. त्या चोराची साइट आठवडाभर बंद होती. परवा तीच जाहिरात दुसऱ्या नावाने दिसली, टेबल तेच, कॉफीचा डागही तोच, किंमत आता १९० डॉलर.