चार प्लग आणि माझे एकवीस हजार

शहापूरजवळ आमच्या वाडीवर अण्णांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, राखाडी फर्ग्युसन टीई-२० अजून उभा आहे. कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या ट्रॅक्टरांपैकी एक. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर टाकायचा. (रॉकेल मिळवणं हा वेगळाच पोवाडा, तो इथे नको.) आताचे ट्रॅक्टर डिझेलचे, त्यांना ठिणगी पाडणारा स्पार्क प्लगच नसतो. त्यामुळे गावातले मेकॅनिक याला हात लावायलाच तयार होत नाहीत.

दसऱ्याला पूजेसाठी काढला तर नुसता फटफटत होता. प्लग काळेकुट्ट. मी राहतो ठाण्यात, म्हणून ओळखीतून वागळे इस्टेटकडचा एक जुन्या गाड्यांचा मेकॅनिक गाठला. स्पेअरचं छोटं दुकानही त्याचंच. त्याने माझे जुने, चॅम्पियन कंपनीचे एल-१० प्लग हातात घेतले, हसला आणि म्हणाला, "साहेब, हे गेले. रॉकेलला गरम प्लग लागतो. नंबर मोठा, तेवढी आग जास्त." वर चॅम्पियनचा तक्ता दाखवला, आणि त्या तक्त्यात नंबर वाढला की प्लग गरम होत जातो हे खरंच आहे. मग माझ्या हातात ठेवले एनजीके या दुसऱ्या कंपनीचे चार बी८एचएस. सुटे, खोक्याविना. २,४०० रुपये. बिलावर नुसतं 'प्लग ४ नग'.

फसवलं ते इथे. एनजीकेत हिशोब उलटा, नंबर मोठा तितका प्लग थंड. आणि गरम-थंडाचा ठिणगीशी काही संबंधच नाही. आतल्या पांढऱ्या चिनी मातीचं टोक लांब असेल तर उष्णता धातूकडे जायला वेळ लागतो, टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. टोक आखूड, तर थंड. टोकाने साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियस गाठले की त्यावरचा कार्बन आपोआप जळतो. ८०० च्या वर गेलं की ठिणगीआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडायची वेळ येते. म्हणजे उगाच फार गरम घालूनही चालत नाही. आमचं इंजिन कमी दाबाचं, त्यात रॉकेल. आठ नंबरवर काजळी धरणार नाही तर काय होणार!

अर्ध्या तासात धरलीच. मेकॅनिक वाडीवर आला, प्लग काढून म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या, ऑइल चढतंय." सिलिंडरातला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज लावलाच नाही, तो प्लगच्या भोकात बसवून इंजिन फिरवलं की पाच मिनिटांत कळतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रिंगांचे १८,६०० घेतले. आठवड्याने पुन्हा तेच फटफट.

शेवटी शेजारच्या तात्यांना बोलावलं. त्यांची उमर रॉकेलवर चालणाऱ्या पंपांवर गेली. त्यांनी प्लगवरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. काजळासारखी कोरडी, भुरभुरीत पूड.

"हे ऑइल आहे का रे? ऑइल असतं तर बोट चिकट, ओलं झालं असतं. कोरडी काजळी म्हणजे प्लग थंड, नाहीतर पेट्रोल जास्त, नाहीतर तापायच्या आत रॉकेलवर टाकलंस." मग त्यांनी नाकाला टेकवून टोक पाहिलं. "एवढंसं टोक? हे रे कुणी दिलं तुला?"

बी५एचएस आणले. आट्यांची लांबी तीच, अर्धा इंच; नावात एचऐवजी ई असेल तर ती पाऊण इंच होते आणि प्लग आत पिस्टनवर आपटू शकतो, हेही तात्यांनीच बजावलं. तासभर रॉकेलवर चालवून काढले तर टोक बिस्किटाच्या रंगाचं, म्हणजे प्लग बरोबर.

पैसे मागायला गेलो. "इंजिनच जुनं, मी काय करू?" एवढंच उत्तर. निदान माझे जुने प्लग तरी दे म्हटलं, तर "ते भंगारात गेले." बोलता बोलता नजर काउंटरच्या काचेखाली गेली. घासून चकचकीत केलेले चार चॅम्पियन, किंमत प्रत्येकी ३५०. सिलिंडर ओळखायला अण्णा षट्कोनावर कानशीने खाचा पाडायचे. एकावर एक, एकावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर चार.

चौदाशे देऊन घेऊन आलो.