ट्रिपल क्वाडवर बंध-ऊर्जा: काही महिन्यांच्या वापरानंतर

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या लॅबमध्ये ट्रिपल क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटर (ट्रिपल क्वाड) आहे, म्हणजे आयनांचं (विद्युतभारित रेणूंचं) वस्तुमान मोजणारं तीन टप्प्यांचं यंत्र. एरवी त्यावर औषधांचे नमुने चालतात. मी उन्हाळ्यापासून त्यावर रेणूंमधले बंध तोडून त्यांची बंध-ऊर्जा, म्हणजे बंध तोडायला लागणारी ऊर्जा, मोजतोय. निकाल आधीच सांगतो: कोणता बंध कच्चा, कोणता पक्का हे यंत्र चोख सांगतं. नेमके किती किलोज्यूल म्हणाल, तर हात वर करतं.

पहिला क्वाड हवा तो आयन निवडतो, मधल्या कक्षात तो आर्गॉनवर आदळतो, तिसरा तुकडे मोजतो. पॅरा-मेथॉक्सी बेंझिलपायरिडिनियम हा २०० वस्तुमानाचा आयन घ्या. कोलिजन एनर्जी (आदळण्याची ऊर्जा) एकेक व्होल्टने चढवत गेलं की २०० चं शिखर खचतं आणि १२१ चं डोकं वर काढतं. मधून ७९ वस्तुमानाचं पिरिडिन निघून गेलेलं असतं. याच आयनात मेथॉक्सीच्या जागी दुसरे गट असलेले भाऊबंदही चालवले: मेथॉक्सीवाला सगळ्यात आधी फुटतो, मग मेथिलवाला, नायट्रोवाला शेवटपर्यंत तग धरतो. क्रम एकदाही बदलला नाही.

गोची आकड्यात आहे. स्क्रीनवर १२ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) दिसतात, पण २०० चा आयन ४० च्या आर्गॉनवर आदळला की बंधाच्या वाट्याला जास्तीत जास्त एक षष्ठांश, म्हणजे २ येतात (साधारण १९३ किलोज्यूल प्रति मोल). बाकीची ऊर्जा दोघांना मिळून पुढे ढकलण्यातच जाते. झेनॉन वापरला तर त्याच १२ मधून पावणेपाच हाती लागतात, पण झेनॉनचा भाव ऐकला की आर्गॉनच गोड लागतो.

शिवाय गॅसचा दाब वाढला की आयन दोन-तीनदा आदळतो आणि बंध आहे त्याहून कच्चा भासतो. म्हणून वेगवेगळ्या दाबांवर मोजून आलेखावर शून्य दाबाकडे रेघ ओढावी लागते. मोठ्या रेणूंचं उलटं: ऊर्जा मिळूनही ते वेळेत फुटत नाहीत, म्हणून बंध जास्तच पक्का दिसतो. युटा विद्यापीठात पीटर आर्मेंट्राउट यांनी गायडेड आयन बीम या खास बंध-ऊर्जा मोजणाऱ्या यंत्रावर झेनॉन वापरून हे सगळे हिशेब चोख बसवलेत. आयनांचा वेग तिथे मुळातच नीट ठरलेला असतो. आमच्या यंत्रात ती सोय नाही.

जाच विजेचा. लाइट गेली की व्हॅक्यूम राखणारा टर्बो पंप बसतो, व्हॅक्यूम परत येईपर्यंत दिवस वाया. मे महिन्यात एसीने मान टाकली तेव्हा तर दुपारची मोजणी बंदच ठेवली.

एकाच घराण्यातल्या संयुगांची तुलना करायची असेल तर हे यंत्र बिनधास्त घ्या. थेट आकडा हवा असेल तर ज्यांची बंध-ऊर्जा ठाऊक आहे असे चार-पाच आयन आधी त्याच दिवशी, त्याच दाबावर चालवा, आणि मगच आपला नमुना लावा.