अकरावीच्या विषयनिवडीसाठी घेतलेले समुपदेशन

दहावीच्या निकालानंतर मुलीला घेऊन मी पुण्यातील एका करिअर मार्गदर्शन केंद्रात गेले. संगणकावरील अभिक्षमता (कल आणि क्षमता पाहणारी) चाचणी बेताचीच वाटली. तिच्या 20 पानी अहवालात आम्हाला आधी ठाऊक नसलेले फारसे काही नव्हते. खरा उपयोग झाला तो नंतरच्या तासाभराच्या बैठकीचा. समुपदेशक बाईंनी कोऱ्या कागदावर मधोमध रेघ ओढून एका बाजूस जीवशास्त्र आणि ‘नीट’ (वैद्यकीय प्रवेश परीक्षा), दुसऱ्या बाजूस गणित आणि ‘जेईई’ (अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा) असे लिहिले, आणि 200 गुणांचा द्विलक्षी (म्हणजे दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी घेता येणारा व्यवसायाभिमुख) संगणकशास्त्र विषय घेतल्यास ‘नीट’साठी लागणारे जीवशास्त्र सहसा हातचे जाते, हे माझ्याकडे नव्हे, तर मुलीकडे पाहत समजावले. त्याचे मला फार समाधान वाटले. मुलीचा ओढा औषधनिर्माणशास्त्राकडे आहे; त्यातील पदवी बी. फार्मसीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राबरोबर गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते, हे कळताच नावडत्या गणिताचे तिचे दडपण उतरले. कला आणि वाणिज्य शाखांची माहिती मात्र दोन वाक्यांत आटोपली गेली, आणि निघताना हाती खासगी शिकवणीचे पत्रक दिले गेले, हे मुळीच योग्य नव्हे. चाचणी वगळून केवळ बैठकीचे शुल्क घेतले जात असेल, तर जरूर जावे.